एक घंटी

तीन दिवसांपर्यंत मी मोजत नाही.
चौथ्या दिवशी तिकीट फाडताना
तोंडावर उतरतं काहीतरी.
लोक म्हणतात, बाई आज रागात दिसता.
राग नाही हो.
जिनिंगमध्ये दाबून, पट्ट्या आवळून
गठाण बांधतात ना कापसाची,
तशी एक पोटात घेऊन
मी एरंडोल-कासोदा करते, चार फेऱ्या.

गुडघा सांगता येतो, सर्दी सांगता येते,
बीपी तर लोक मिरवतात.
ह्याला चारचौघांत नाव नाही.
डेपोतली मैनाबाई नुसतं म्हणते, "साफ नाही,"
आणि बायका आपापल्या डब्यात बघू लागतात.

शेवटी नेरकर वैद्यांकडे गेले.
ओट्याशी एरंड वाढलेला, लाल देठांचा.
त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली,
"पानी कितलं पीस, माय?"
ड्युटीवर नाही पीत.
"काबरं?"
आता काय सांगायचं.
एका स्टँडवर दाराला कडी नाही,
दुसऱ्यावर कडी आहे, पाणी नाही,
तिसऱ्याची किल्ली कंट्रोलरच्या खिशात
आणि कंट्रोलर चहाला.
मे महिन्यात सीटचा लोखंडी दांडा धरवत नाही,
पिशवीत बाटली भरलेली,
ओठ सालपटलेले.
"आनि लागनी तं?"
दाबते.
"कव्हापासून?"

कव्हापासून.
आई म्हणायची, अंधार पडू दे.
पहाटे चारला नाही उठलं
तर थेट रात्री, दादरच्या शेताकडे, चौघीजणी,
कुणाच्या बॅटरीचा उजेड आला
की तशाच उभ्या राहायचो, लुगडी सावरत.
थांबणं मी पाढ्यांच्या आधी शिकले.
आता घरात संडास आहे, पांढऱ्या फरशीचा,
पण शरीराला कुणी कळवलंच नाही.

वैद्य जरा वेळ खलातलं कुटत राहिले.
मग म्हणाले, पोथीत तेरा वेग सांगितलेत,
अडवू नयेत असे.
मळ, मूत्र, शिंक, जांभई,
भूक, तहान, झोप, आसवं...
आसवंसुद्धा?
"त्याबी."
मला हसू आलं. तेही अर्धं अडवलं.

त्रिफळ्याची पुडी दिली, रात्री कोमट पाण्यात.
मनुका भिजवून.
दुधात चमचाभर तूप, झोपताना.
एरंडेल एकदाच, सुंठीच्या काढ्यातून,
"त्यानी सवय नको लावू, नहीतं ती दुसरी कैद."
कळण्याची भाकरी खुशाल खा म्हणाले,
ठेचा मात्र कमी.
(हे सगळ्यात जड गेलं.)
आणि सकाळची दहा मिनिटं,
लागो न लागो, बसायचं. कुणाची हाक ऐकायची नाही.
"पोटले टाइमटेबल वाचता येत नही, माय.
त्याले तू वेळ दे."

पुडीची चव वाईट. तुरट, मग आंबट,
मग पाणी प्यालं की गोड, हे एक नवल.
दहा मिनिटं मिळवायला जास्त त्रास झाला.
पहिल्या दिवशी दारावर तीन थापा.
दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा खोकला.
आठव्या दिवशी
गठाणीची एक पट्टी सुटली.

पंधरा वर्षं ही दोरी माझ्या हातात.
एक घंटी, थांब. दोन, चल.
थांबवली गाडी बकरीवाल्या म्हाताऱ्यासाठी,
उलटी आलेल्या पोरासाठी,
नवरदेवाच्या विसरलेल्या फेट्यासाठी एकदा.

काल, लिंबाच्या बागेपाशी,
सिंधूबाईच्या खळ्यातलं घर दिसलं
आणि आतून निरोप आला, भलत्याच वेळी.
हात सवयीने मूठ झाला.
मग वर गेला.
एक घंटी.

पंडित ड्रायव्हरने आरशातून विचारलं, कोण उतरतंय?
मी.
कुणीतरी शेंगांचा पुडा उघडला.
बस उभी राहिली, इंजिन बंद करून,
कधी नव्हे ती माझ्यासाठी.

परत चढले तेव्हा कुणी काही बोललं नाही.
पुढच्या सीटवरच्या आजीने
नुसती पिशवी सरकवून जागा केली.
मी बाटली काढली,
आणि त्रेपन्न लोकांसमोर
सावकाश, सगळं पाणी प्यायले.

मग दोन घंट्या.